चालणं वजनकाट्यावर मोजू नका

मा. संपादक, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही महिन्यात चार किलो वजन उतरवायचा लेख छापलात, अर्धं पान, सोबत उंची-वजनाचा तक्ता. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या मेडिकलच्या दारातल्या वजनकाट्याला उसंत नाही बघा. लोक येतात, चपला काढतात, मोबाईल आणि गाडीची किल्ली माझ्या काउंटरवर ठेवतात, एकाने तर पट्टासुद्धा काढून ठेवला, मग काट्यावर चढून आकडा बघतात आणि तोंड पाडून उतरतात. लेख वाईट होता असं म्हणत नाही, चाला म्हणून सांगितलंत ते बरोबरच, पण चालायचं ते वजनासाठी आणि वजन नाही उतरलं तर चालणं वाया गेलं, असा जो अर्थ लोकांनी त्यातून काढला तो फार नुकसान करणारा आहे, आणि तेवढ्यासाठी हे पत्र.

कोल्हापुरात बरीच वर्षं दुकान चालवतो. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, पण शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल या तिन्ही गोळ्या एकाच पिशवीत घेऊन जाणारी माणसं रोज बघतो, आणि त्यातली निम्मीशिम्मी दिसायला जाड नसतातच हो. हात काडीसारखे, गाल बसलेले, आणि शर्टाची मधली दोन बटणं तेवढी ताणलेली. शिबिरात जातात, तिथे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढतात, २४ येतो, ठणठणीत आहात म्हणून सांगतात आणि वर बिस्किटाचा पुडा देतात. त्याच माणसाचा रिपोर्ट सहा महिन्यांनी माझ्या काउंटरवर येतो, उपाशीपोटी शुगर ११२, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २६०, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३२. मग विचारतात, मी तर बारीक आहे, मला कसं काय.

तर या अशा एकत्र बिघाडाला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तो पाच गोष्टींवरून ठरतो. कंबर, आपल्याकडच्या पुरुषाची ९० सेंटीमीटर किंवा जास्त आणि बाईची ८० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर. एचडीएल पुरुषात ४० च्या खाली आणि बाईत ५० च्या खाली. बीपी वरचं १३० ला किंवा खालचं ८५ ला टेकलेलं किंवा वर. उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. यातल्या कुठल्याही तीन असल्या, किंवा त्यासाठी गोळी चालू असली, की तुम्ही त्यात आलात, आणि पुढे डायबेटिस, हार्ट अटॅक, लकवा यांचा धोका वाढतो. आता ही यादी परत वाचा, त्यात वजन कुठे आहे? नाहीच. तुमच्या पुरवणीतला अख्खा तक्ता ज्या गोष्टीचा होता ती या पाचात नाहीच.

कंबरेचं पण एक सांगतो, पॅंटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. आपल्याकडे पोट सुटलं की माणूस पॅंट पोटाच्या खाली बांधायला लागतो आणि चौतीसचा नंबर आयुष्यभर चौतीसच राहतो. टेप लावायची ती सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या बरोबर मधे, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. दुकानात टेप काढली की भलेभले पुरुष पोट आत घेतात, जसं काय मी शिंपी आहे आणि सूट शिवायचाय.

हे बारीक दिसणं आणि आतून चरबी असणं यावर मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, या दोघांचा एक फोटो २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आला होता. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यासाठी दोघं सारखेच आणि आत दुपटीपेक्षा जास्त फरक! २०२३ मधे आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, जो देशभरचा मोठा सर्व्हे आला, ज्यात देशात १०.१ कोटी डायबेटिसवाले आणि १३.६ कोटी काठावरचे, म्हणजे शुगर वाढलेली पण अजून डायबेटिस नाही असे, निघाले, त्यातही बघा, बीएमआयवरून लठ्ठ २८.६ टक्के आणि पोटावरून लठ्ठ ३९.५ टक्के. म्हणजे काट्यातून सुटलेली आणि टेपमधे सापडलेली माणसं कोट्यवधी आहेत, आणि ही माणसं तुमचा तक्ता बघून खुश होऊन पान उलटणार.

आता चालण्याचं. आमच्या एक गिऱ्हाईक बाई आहेत, काठावरची शुगर, त्यांनी रोज सकाळी चालायला सुरुवात केली, महिन्याने वजन केलं तर पाव किलो कमी, चालणं बंद. मी म्हटलं ताई अहो रिपोर्ट तरी करा, तर म्हणे कशाला, काटा काय खोटं बोलतो का. काटा खोटं बोलत नाही पण त्याला फक्त एकच गोष्ट कळते ना. पोटाच्या आतली आणि लिव्हरमधली चरबी कमी होत असते, मांडीचा स्नायू थोडा भरत असतो, आणि काट्यावर बेरीज-वजाबाकी होऊन आकडा तिथल्या तिथे.

चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांनी जो अभ्यास केला, २००६ मधे छापून आला, तो मला या बाबतीत सगळ्यात जवळचा वाटतो कारण माणसं आपल्यासारखीच, भात खाणारी, मध्यम नोकरीधंद्याची. ५३१ माणसं, सगळी काठावरच्या शुगरची. काहींना नुसता नेहमीचा सल्ला, काहींना रोज किमान अर्धा तास झपझप चालणं आणि खाण्यात बदल, काहींना मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी, काहींना दोन्ही. तीन वर्षांत नुसत्या सल्ल्यावाल्यांपैकी ५५ टक्के लोकांना डायबेटिस झाला, चालणं-खाणंवाल्यांपैकी ३९ टक्क्यांना, आणि गोळीवाल्यांचा आकडाही जवळपास तेवढाच. चालणं आणि खाण्यातला बदल यांनी गोळीइतकं काम केलं, आणि गंमत म्हणजे या लोकांचं वजन म्हणावं असं उतरलंच नव्हतं. त्यांच्या हातात त्या काळात तुमची पुरवणी असती तर सगळ्यांनी दुसऱ्या महिन्यातच बूट माळ्यावर टाकले असते.

अमेरिकेतला अभ्यास लोक जास्त सांगतात, २००२ चा, त्यात आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि वजन सात टक्के कमी करायचं ठरवलं होतं आणि डायबेटिस ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने ३१. तिथली माणसं मुळात खूप वजनदार होती आणि त्यांना वजन उतरल्याचा मोठा फायदा झाला, ते मान्यच. ज्याचं वजन खरंच जास्त आहे त्याने उतरवावंच, गुडघे तरी दुवा देतील. माझं म्हणणं एवढंच की उतरलं नाही म्हणून थांबू नका.

याच्याही मागे जायचं तर लंडनच्या बसची गोष्ट आहे. जेरी मॉरिस म्हणून डॉक्टर होते, त्यांनी १९५३ मधे दाखवलं की डबलडेकर बसच्या ड्रायव्हरांना हार्टचा त्रास कंडक्टरांपेक्षा बराच जास्त होतो. एकच बस, एकच पगाराचं खातं, राहणीमान तेच, पण एक दिवसभर बसून आणि दुसरा दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. मग लोक म्हणाले ड्रायव्हर मुळातच जाड असतात म्हणून असेल. तर मॉरिसनी काय करावं, कंपनीने शिवलेल्या युनिफॉर्मच्या पॅंटींची मापं काढली! ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या निघाल्या खऱ्या, पण सारख्या कंबरेचे ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी ठेवले तरी कंडक्टरच जास्त सुरक्षित. बारीक ड्रायव्हरसुद्धा बारीक कंडक्टरपेक्षा धोक्यात. हे मॉरिस स्वतः ९९ वर्षांचे होऊन २००९ मधे गेले. आपल्याकडे मुंबईत बेस्टच्या जुन्या डबलडेकर २०२३ मधे बंद झाल्या, आणि एसटीच्या कंडक्टरला जिना नसला तरी गच्च भरलेल्या लालपरीत पुढून मागे, मागून पुढे करताना जो घाम येतो तो बघितला की मला मॉरिस आठवतात.

हे होतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण कळलं की माणूस टिकतो. जेवल्यावर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूत जाते आणि ते दार उघडायचं काम इन्शुलिनचं. मेटाबॉलिक सिंड्रोममधे इन्शुलिन असतं, भरपूर असतं, पण त्याचं कुणी ऐकत नाही, दार अर्धवटच उघडतं. पण स्नायू हलायला लागला की मागचं दार उघडतं, तिथे इन्शुलिनची गरजच नाही, साखर सरळ आत. आणि चालून आल्यावर पुढचा एक दिवस, फार तर दोन दिवस, पुढचं दारही नीट चालतं. मग परत कुरकुर. म्हणून लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये असं सांगतात. वर्षातून एकदा आळंदी ते पंढरपूर चालणारे आमचे काही गिऱ्हाईक आहेत, माझा त्यांना दंडवत, त्या दिवसांत शुगर खाली येते हे ते स्वतः सांगतात, पण आषाढी झाली की कार्तिकीपर्यंत टू-व्हीलरवरून उतरायचं नाही असं केल्यावर कसं चालेल.

ट्रायग्लिसराइडचं पण तसंच आहे, चालण्याने लवकर खाली येतात आणि बंद केलं की लवकर वर जातात. एचडीएल मात्र हट्टी, महिनोन्महिने लागतात आणि वाढतं तेही थोडंच, त्यामुळे पहिल्या रिपोर्टात ते जागेवर दिसलं तर निराश होऊ नका. बीपी वरच्या आकड्यात साधारण ५ ते ८ ने उतरतं, ज्यांना मुळात जास्त आहे त्यांचं.

आता डोस. गोळी देताना मी सांगतो ना सकाळी एक रात्री एक, जेवणाआधी की नंतर, तसं चालण्याचं कुणीच सांगत नाही, नुसतं "चालत जा थोडं". थोडं म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मधे सांगितलेलं असं की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं चांगली दमवणारी, आणि शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. मध्यम म्हणजे काय ते ओळखायला घड्याळ नको, चालताना बोलता यायला पाहिजे पण गाणं म्हणता यायला नको. रंकाळ्यावर संध्याकाळी जी मंडळी चार-चारच्या रांगेत राजकारण करत फिरतात आणि शेवटी भेळेच्या गाडीवर थांबतात, त्यांना अख्खा गीतरामायणाचा कार्यक्रम करता येईल इतका त्यांचा वेग आहे. काही नाही त्यापेक्षा बरंच, पण डोस कमी पडतो.

ताकदीचं काम हे आपल्याकडे पूर्ण विसरलंय आणि ते पण कोल्हापुरात, जिथे पेठेपेठेत तालीम आहे! लोकांना वाटतं जोर-बैठका म्हणजे पैलवानाचं काम. अहो स्नायू हाच साखरेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आहे, तो चाळिशीनंतर आपोआप घटत जातो, आणि आपण बारीक लोक तर मुळातच कमी स्नायूवाले. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा-पंधरा वेळा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. उलट खरे पैलवान माझ्याकडे येतात ते वेगळ्याच कारणाने, आखाडा सुटतो पण खुराक सुटत नाही, दूध-बदाम-मटण पूर्वीच्याच मापाने आणि अंगमेहनत शून्य, पाच-सात वर्षांत तिन्ही गोळ्या सुरू.

आणि जेवणानंतरचं चालणं. न्यूझीलंडमधे डायबेटिसच्या ४१ पेशंटवर करून बघितलं होतं, दिवसातून एकदा कधीही तीस मिनिटं चाला, किंवा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला. मिनिटं तेवढीच, पण जेवणानंतर चालणाऱ्यांची जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्क्यांनी कमी निघाली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडे शतपावली होतीच की, आजोबा गच्चीवर घालायचेच, ती सिरियलींनी खाल्ली. नऊला जेवायचं, साडेनऊची बघायची आणि तिथेच लवंडायचं. गच्चीवर नाही तर पॅसेजमधे, नाही तर हॉलमधे येरझारा घाला, सिरियल बघत घाला, माझी काही हरकत नाही.

घरच्या बायका म्हणतात दिवसभर उभीच असते, वेगळा व्यायाम कशाला. अर्धं खरं आहे. फरशी पुसणं, कपडे घासणं, पाणी भरणं ही मेहनत मोजायचीच, प्रत्येक हालचाल धरायची. पण गॅससमोर तासभर उभं राहणं ही मेहनत नव्हे, त्याने पाय दुखतात, श्वास वाढत नाही. आणि बाहेर पडायचं तर कुठे पडायचं हा त्यांचा प्रश्न मात्र शंभर टक्के खरा आहे. २०२४ मधे लॅन्सेटच्याच ग्लोबल हेल्थ मासिकात आकडे आले, आपल्या देशात पुरेशी हालचाल न करणाऱ्या बायका ५७ टक्के आणि पुरुष ४२. आता हा फरक आळसाचा आहे का? सकाळी सहा ते आठ डबे, रात्री आठनंतर रस्त्यावर अंधार, फूटपाथवर गाड्या लावलेल्या, मैदानाचं गेट दुपारी बंद आणि संध्याकाळी तिथे क्रिकेटचे चार चार डाव. आमच्या भागातल्या एका बागेचा वॉकिंग ट्रॅक छान केलाय, पण दिव्याचे खांब आहेत आणि दिवे नाहीत, त्यामुळे सातनंतर तिथे बायका जात नाहीत, आणि त्यांना मोकळीक मिळते ती सातनंतरच. यावर तुमच्या पेपरने बातमी केली तर दिवे लागतील, वजनाच्या तक्त्याने नाही लागणार.

ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो कारण या दुकानात बसून मी बघितलेल्या आहेत. शुगरची ग्लिमेपिराइड ही गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर अचानक चालणं वाढवलं की शुगर एकदम खाली जाऊ शकते, हातापायाला कापरं, घाम, डोळ्यासमोर अंधारी. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, आणि सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फारशी नाही. बीपीसाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असल्या गोळ्या असतील तर शुगर खाली गेल्यावरची छातीची धडधड जाणवतच नाही, तेव्हा घामावर लक्ष ठेवा. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर अनवाणी चालणं सकाळच्या दवात छान वाटलं तरी नको, मोजे-बूट घाला आणि घरी आल्यावर तळपाय बघा. वजन उचलताना श्वास कोंडू नका, बीपी झटकन वर जातं, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय उचलूच नका. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर गॅस असेल म्हणून पुढे चालत राहू नका, थांबा आणि दवाखाना गाठा. आणि पंधरा दिवस चाललो, फ्रेश वाटतंय म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करणारे महिन्याला दोघं-तिघं भेटतातच, त्यांनी तसं न करता तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करावी, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावं, डोस उतरवायचा का ते डॉक्टरांनी ठरवावं. काहींचा उतरतो, काहींचा नाही उतरत.

शहरातल्या डॉक्टर मंडळींना पण तुमच्यामार्फत एक विनंती आहे. प्रिस्क्रिप्शनवर गोळ्यांच्या खाली एक ओळ लिहा, हातानेच लिहा, "रात्री जेवणानंतर १० मिनिटं चालणे, रोज" आणि "खुर्चीवरून उठबस १०, एक दिवसाआड". आमच्या गिऱ्हाइकांचं असं आहे की तोंडी सांगितलेलं जिन्यातच विसरतात, पण चिठ्ठीवर लिहिलेलं काय आहे ते मला चार वेळा वाचायला लावतात आणि मिळालं नाही तर दुसऱ्या मेडिकलमधे जाऊन विचारतात.

आपला,
एक मेडिकलवाला, कोल्हापूर